मोजून ठेवलेल्या सुया

उन्हाळ्यात शेतीची कामे थोडी सैल झाली, की माझी आई गोधड्या शिवायला बसे. जुनी लुगडी, वडिलांची विरलेली धोतरे, आम्हा भावंडांचे आखूड झालेले सदरे असा ऐवज वर्षभर तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत साठत असे. सारवलेल्या अंगणात गोधडी पसरून ती आणि शेजारच्या दोघी-तिघी चहूबाजूंनी टाके घालीत येत. आम्हा मुलांनाही कामे वाटून दिलेली असत. ज्याची दृष्टी तीक्ष्ण त्याने सुईत दोरा ओवायचा, धाकट्यांनी चिंध्या रंगाप्रमाणे वेगळ्या करायच्या. त्या दुपारी आम्ही कधी कंटाळल्याचे मला आठवत नाही.

संध्याकाळी काम आवरताना आई सुया मोजे. सकाळी सात काढल्या असतील तर सातच डबीत परत जायला हव्यात. एक जरी कमी भरली तरी चूल पेटत नसे. मग कंदील घेऊन, झाडूने नव्हे तर तळहाताने, वीत वीत अंगण चाचपले जाई. घरात रांगते मूल असो वा नसो, हा नियम कधी ढळला नाही. आम्हाला तो तिचा हट्ट वाटे.

पुढे इंटर्नशिपच्या काळात शस्त्रक्रियागृहात उभा असताना तोच हट्ट पुन्हा भेटला. रुग्णाचे पोट शिवून बंद करण्यापूर्वी सिस्टर गॉजचे तुकडे आणि सुया मोजीत. आकडा जुळला नाही तर निष्णात सर्जनही हातातील काम थांबवून उभे राहत. त्या वेळी मला आईची आठवण झाली होती. दुर्दैवाने ती आठवण घरी नेण्याइतका शहाणपणा मला पुढे कित्येक वर्षे सुचला नाही.

पिंपळगाव बसवंतमध्ये मी पंचवीसहून अधिक वर्षे सामान्य वैद्यकीय व्यवसाय करतो आहे. खाली दवाखाना, वर घर. लहान मुलांना घेऊन येणाऱ्या पालकांना मी नेहमी सांगतो, की मुलांच्या हाताला काम द्या. कातरकाम, मातीकाम, शेंगा सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे यांत बोटांच्या लहान स्नायूंना जो व्यायाम मिळतो, तो मोबाइलच्या काचेवर बोट फिरवून मिळत नाही. पुढे लेखणी धरायची ती याच बोटांनी. हा सल्ला मी मनापासून देतो. परंतु त्याच हस्तकलेचा पसारा माझ्याच टेबलावर रुग्ण होऊन येतो, हेही सांगितले पाहिजे.

श्रावणात शाळाशाळांतून राख्या तयार होतात आणि माझ्याकडे नाकात मणी गेलेली मुले येऊ लागतात. मणी, थर्माकोलचे गोळे, चिंचोके, वाटाणे. वाटाणा किंवा हरभरा ओलाव्याने फुगतो, म्हणून तो अधिक त्रासदायक. पुष्कळदा मूल सांगतच नाही. आठवड्याभराने आई येते आणि म्हणते, ‘डॉक्टर, याची सर्दी बरी होत नाही, आणि एकाच नाकपुडीतून घाण वास येतो.’ एकाच बाजूने वाहणारे, दुर्गंधी येणारे नाक म्हणजे आत काहीतरी आहे, असेच समजून चालावे.

अशा वेळी घरी आकडा, पिन, चिमटा यांपैकी काहीही वापरू नये. वस्तू अधिक आत सरकते. आम्हा डॉक्टरांकडे एक साधी युक्ती आहे. आईने मुलाच्या तोंडावर तोंड घट्ट ठेवायचे, मोकळी नाकपुडी बोटाने दाबायची आणि एकदाच झटक्यात फुंकर मारायची. आमच्या ग्रंथांत या युक्तीला आईच्या पाप्याचे नाव आहे. माझ्या टेबलाशेजारी कित्येक मणी असे टुणकन बाहेर पडलेले मी पाहिले आहेत. मूल हसते, आई रडते. मात्र हे डॉक्टरांच्या देखत करावे.

खळीची गोष्टही सांगण्याजोगी आहे. बाजारच्या डिंकापेक्षा मैद्याची शिजवलेली खळ मुलांसाठी चांगली, हे खरे. परंतु जुने पुस्तकबांधणीवाले तिला कीड लागू नये म्हणून तीत मोरचूद घालीत. आमच्या भागात द्राक्षबागेच्या बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घरोघर असते आणि त्याचे निळे खडे मुलांना खडीसाखरेसारखे मोहक वाटतात. ते पोटात गेले तर उलट्या होतात आणि मात्रा अधिक असेल तर यकृताला व मूत्रपिंडांना इजा होते. मुलांची खळ बिनमोरचुदाची, रोज ताजी करावी आणि उरलेली टाकून द्यावी.

द्राक्षांच्या गावात घराची आवराआवर हा केवळ नीटनेटकेपणाचा विषय राहत नाही. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत चार वर्षांच्या एका मुलाला खांद्यावर टाकून त्याचे वडील पळत आले. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने भिजले होते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. शेजाऱ्याकडून थोडेसे औषध मागून आणलेले, तेही शीतपेयाच्या बाटलीत, आणि बाटली स्वयंपाकघराच्या खिडकीत. मुलाने ओळखीची बाटली ओळखली, एवढेच. लक्षणांवरून मी अंदाज बांधला, अॅट्रोपिन सुरू केले आणि नाशिकला पाठवले. मूल वाचले. परंतु नेमके कोणते औषध प्यायले हे कोणालाच सांगता येत नव्हते, कारण मूळ डबा शेजाऱ्याच्या शेतावर राहिला होता. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. तो विषारीपणाची पायरी सांगतो, आणि मजकुरात उताराही दिलेला असतो. औषध दुसऱ्या बाटलीत ओतले, की ही सारी माहिती मागे राहते. असा प्रसंग आला तर मुलाला उलटी करायला लावू नका. डबा हाती घ्या आणि निघा.

इतके सगळे जाणणाऱ्या डॉक्टरच्या स्वतःच्या घरात काय घडले, ते आता सांगतो.

लेक दिवाळीला आली होती. नात पाच वर्षांची, नातू दोन वर्षांचा. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी बैठकीत आकाशकंदिलाचा कारखाना उघडला होता. कामट्या, घोटीव कागद, कात्र्या, टिकल्या, जरीचे तुकडे असे सगळे एकाच सतरंजीवर होते. नात मन लावून झिरमिळ्या कापीत होती. बॅटरीवर चालणाऱ्या पणत्यांपैकी एक पेटत नव्हती, म्हणून मी तिचे झाकण उघडून आतला चपटा सेल काढला आणि टिकल्यांच्या बशीत ठेवला. क्षणभरच ठेवायचा होता. तेवढ्यात फोन आला, खाली रुग्ण आला, मी उतरलो. वीस मिनिटांनी परतलो तेव्हा बशीत सेल नव्हता आणि शेजारी धाकटा तोंडात बोटे घालून, लाळ गाळीत बसला होता.

वाचकांपैकी अनेकांना हा सेल निरुपद्रवी वाटत असेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. जुना, दिवा न पेटवू शकणारा सेलही धोकादायकच असतो. सीआर २०३२ या जातीचा, रुपयासारखा दिसणारा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला, तर ओलाव्यामुळे त्याचा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि दोन तासांत आतल्या आवरणाला गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. पुढे तेथे भोकही पडते. मूल प्रारंभी हसतखेळत असते, म्हणून ‘शौचावाटे पडेल’ असे म्हणत थांबणे घातक. नाकात किंवा कानात गेला तरी तितकीच घाई करावी.

मला हे सारे पाठ होते. तरीही त्या क्षणी माझे हात थरथरत होते. गावातील क्ष-किरण केंद्र पूजेमुळे बंद होते. शिवाय सेल अडकलाच असता तर दुर्बिणीने काढण्याची सोय नाशिकलाच होती. गाडीत लेक त्याला मांडीवर घेऊन दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध चाटवत होती. मूल एक वर्षाहून मोठे असेल आणि सेल गिळून बारा तास उलटले नसतील, तर वाटेत असे सहा वेळांपर्यंत करता येते. मधामुळे जखमेचा वेग मंदावतो. मात्र मधासाठी थांबायचे नाही, आणि दुसरे काही खायला-प्यायला द्यायचे नाही. ओझर मागे पडेपर्यंत कोणी बोलले नाही. महामार्गाच्या दोन्ही बाजूंना फटाके उडत होते आणि नातू खिडकीतून बोट दाखवून ‘आबा, ते’ म्हणत होता.

मान, छाती, पोट असे चित्र काढले. सेल असेल तर क्ष-किरणात त्याची कडा दुहेरी दिसते, नाण्याची तशी दिसत नाही. मी ती दुहेरी कडा शोधत होतो. काहीही नव्हते. मध्यरात्र उलटल्यावर आम्ही घरी आलो. लाळ दाढा येत असल्यामुळे होती.

पण मग सेल कोठे गेला? सकाळी पत्नीने सतरंजी झटकली, सोफे सरकवले. नात उठून आली आणि आमची शोधाशोध पाहत उभी राहिली. ‘ती चांदीची पोळी ना?’ तिने विचारले. ‘ती मी भातुकलीत ठेवली. बाळ बशीत हात घालत होता.’ खरोखरच भातुकलीच्या इवल्या तव्यावर सेल होता, आणि ते सगळे टोपलीत घालून तिने टोपली कपाटावर, तिचा हात पोहोचेल तितक्या उंच ठेवली होती. ‘मग काल सांगितले का नाहीस?’ असे तिच्या आईने विचारले, तर म्हणाली, ‘मला कोणी विचारलंच नाही.’

ते खरे होते. आम्ही तिला ‘तू बाजूला हो’ म्हटले होते आणि शेजाऱ्यांकडे सोडून निघालो होतो. नाशिकला गेलो याचा मला पश्चात्ताप नाही. पाच वर्षांच्या मुलाच्या शब्दावर विसंबून मी क्ष-किरण टाळला नसता, आणि कोणीही टाळू नये. परंतु त्या दुपारी घरातील सहाजणांत वस्तू आवरून ठेवणारी ती एकटीच होती, ही गोष्ट मनातून जात नाही.

त्यानंतर मी उत्साहाने घर लावायला घेतले. अकरा डबे आणले, प्रत्येकावर छापील चिठ्ठी चिकटवली. पंधरा दिवसांत डबे रिकामे आणि वस्तू पुन्हा खाली! पत्नी म्हणाली, ‘ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चिठ्ठ्या लावल्यात तुम्ही.’ त्या वेळी मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाची आठवण झाली. १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडला त्यांनी गरीब मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने तेथे परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बिया, खडे, शंख-शिंपले, पाने यांचीच साधने केली. वस्तू मुलाच्या हाताला येईल अशा उंचीवर हवी आणि ती परत ठेवण्याचे कामही मुलाचेच, हा त्या पद्धतीचा गाभा. (त्याच बिया मी नाकांतून काढतो, हा भाग वेगळा. मोठ्या माणसाची नजर तेथून हलली, की शिक्षणसाधनाचा रुग्ण होतो.)

सुट्टीत नात आली तेव्हा तिलाच विचारले, की कसे लावायचे. मला वाटले होते कात्र्या एकीकडे, कागद एकीकडे. तिने दोनच ढीग केले: ‘बाळाचे’ आणि ‘बाळाचे नाही’. माझ्या अकरा डब्यांहून हे वर्गीकरण सरस होते. तीन वर्षांखालच्या मुलाच्या बाबतीत सव्वा इंच रुंदीच्या नळीत मावणारी प्रत्येक वस्तू दुसऱ्या ढिगात जाते, एवढीच भर मी घातली. तिसरा ढीग माझा. औषधे, सेल, मोरचूद, थिनर हे सारे कुलपात गेले आणि किल्ली दाराच्या चौकटीवर. तेथे मुलांच्या शहाणपणाची परीक्षा पाहायची नाही. कात्रीच्या जागी फळीवर नातीने पेन्सिलीने कात्रीची बाह्यरेषा काढली. जागा रिकामी दिसली, की कात्री बाहेर आहे हे धाकट्यालाही कळते. काम संपण्याच्या पंधरा मिनिटे आधी हात थांबवायचे आणि मोजायला बसायचे. पहिल्या आठवड्यात रडारड झाली. नंतर मोजणे हाच खेळ झाला आणि धाकटा चारच्या पुढे थेट नऊवर उडी मारू लागला.

मागच्या दिवाळीत पुन्हा सतरंजी अंथरली. सतरंजीवर पणत्या आल्या त्या झाकणाला स्क्रू असलेल्याच. स्क्रू काढण्याचे काम माझे, सेल मोजण्याचे नातीचे. रात्री आवरताना तिने डबी उघडली, दोनदा मोजले आणि माझ्याकडे पाहिले.

‘आबा, आठच आहेत. सकाळी नऊ होते.’

मी सतरंजीवर तळहात फिरवू लागलो. तिने मला थांबवले आणि माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे बोट दाखवले.