अब्बांसोबत महाबळेश्वर

साताऱ्याहून केळघर घाटाने महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या आमच्या मेढ्यातून जातात. पाहुणे इथे थांबतात ते चहापुरते, नाहीतर रस्ता विचारण्यापुरते. "सरळ जा, पुढे केळघर लागेल, मग घाट," हे सांगण्यात आमची अर्धी हयात गेली. महाबळेश्वर आमच्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर. तरी गावात त्याचे नाव कोणी घेत नाही, नुसते 'वर' म्हणतात. वर गेलाय, वरून आला, वर काम मिळाले.

आमचे अब्बा पंचवीस वर्षे वर जात होते. त्यांचा धंदा कल्हईचा. पावसाळा सरला की आणि पुन्हा उन्हाळ्याच्या सीझनआधी, असे वर्षातून दोनदा ते आधी आमच्या दादाजानबरोबर आणि पुढे एकटे भाता, सांडशी, कथील आणि नवसागराची पुडी घेऊन घाट चढायचे. बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या मुदपाकखान्यांमागे भट्टी लावायची, तांब्यापितळेची पातेली चकचकीत करून द्यायची आणि पैसे घेऊन खाली यायचे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मुलीने सहज विचारले, "नाना, वरचा सगळ्यात चांगला पॉइंट कोणता?" तेव्हा कळले की अब्बांनी एकही पॉइंट पाहिलेला नाही. पंचवीस वर्षांत एकही नाही. "देखनेकू क्या है, पहाडच तो है," म्हणाले.

त्याच आठवड्यात आम्ही निघालो. मुलांच्या अब्बूंनी गाडी काढली. मागे अब्बा, दोन्ही मुले आणि आम्ही, शिवाय डब्यात खिमा आणि चपात्या. अब्बा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांचे गुडघे ऐकत नाहीत, म्हणून फजरनंतर लगेच बाहेर पडलो. ज्यांना या वाटेने यायचे असेल त्यांनीही लवकरच निघावे. सकाळी घाट मोकळा असतो आणि दरीतले धुके उतरताना दिसते. मुसळधार पावसात मात्र ही वाट टाळावी, दरडी येतात.

केळघर सोडले की रस्ता वळणे घेत चढतो आणि वेण्णेचे खोरे खाली राहते. ही नदी आमच्या गावावरूनच वाहते. पुढे कण्हेर धरणात अडते आणि साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते. शाळेत भूगोलाच्या तासाला हे आम्ही कितीदा शिकवले असेल, पण नदीच्या उलट दिशेने, तिच्या उगमाकडे मुलांना घेऊन जाण्याची ही पहिलीच वेळ. अब्बा वळणे मोजत होते. एका वळणावर म्हणाले, "इथे आम्ही भाता खाली ठेवायचो." तिथे बसण्यासारखा एक दगड होता, इतकेच.

वर पोचल्यावर पहिल्यांदा वेण्णा तलाव गाठला. घोडे, होड्या, भाजलेली कणसे, गाजरांच्या जुड्या आणि फोटो काढणाऱ्यांची झुंबड. मुलांनी होडीचा हट्ट धरला. रांग मोठी होती, तोवर आम्हाला आमचा मास्तरकीचा तास घेता आला.

महाबळेश्वर इंग्रजांनी वसवले हे खरे, पण जमीन साताऱ्याच्या छत्रपतींची होती. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी इथे चढून आला. त्याने इथल्या थंड हवेची वर्णने केली आणि साहेबलोकांची ये-जा सुरू झाली. साताऱ्याचा रेसिडेंट ब्रिग्ज याने बंगला बांधला आणि प्रतापसिंह महाराजांना सांगून राजधानीपासून इथवर सडक करून घेतली. मग मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने आजारी गोऱ्या सैनिकांसाठी इथे आरोग्यस्थान काढले आणि १८२९ च्या तहाने ही जागा कंपनी सरकारकडे आली. तिच्या बदल्यात महाराजांना वाई भागातले खंडाळा गाव मिळाले. पेठ वसली तिला महाराजांनीच गव्हर्नरचे नाव दिले, माल्कम पेठ. इतकी दोस्ती असूनही दहाच वर्षांनी, १८३९ मध्ये, कंपनीने याच प्रतापसिंहांना गादीवरून उतरवून काशीला पाठवले. ते तिथेच वारले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षे खेटे घालत राहिले, हाती काही आले नाही. महाराजांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर आले, त्यांनी १८४२ मध्ये हा तलाव बांधवला. १८४८ मध्ये ते वारले आणि वारस नामंजूर करून कंपनीने सगळे राज्यच घेतले.

"म्हणजे तळं राजाचं?" अब्बांनी विचारले. "आम्ही साहेबाचंच समजायचो."

गावाला आजही या तलावाचे पाणी पुरते. उरलेले लिंगमळ्याच्या धबधब्यावरून उडी घेते आणि खाली आमच्याकडे येते. मुलगा तलावात कागदाची होडी सोडणार होता, ती मेढ्याला पोचेल म्हणून. त्याला आवरले. कचरा तो कचराच.

गाजराची जुडी घेताना आणखी एक गोष्ट मुलांना सांगितली. इंग्रजांच्या काळात इथे एक तुरुंग होता. त्यात सिंगापूर, मलायाकडून पाठवलेले चिनी कैदी ठेवले होते. या डोंगरावर बटाटे आणि विलायती भाज्या पिकवण्यात त्यांचा मोठा हात होता. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. त्यांच्या बागांवरून 'चायनामन फॉल' हे नाव मात्र राहिले. पाहुणे तिथे फोटो काढतात. कोण चिनी, कुठून आला, समुद्रापलीकडून आणून त्याला या धुक्यात का डांबले, हे विचारायला कोणाला सवड नसते.

दुपारी बाजारात आलो. जोहरची नमाज बाजारातल्या मशिदीत झाली. बाजार म्हणजे फुटाणे, चिक्की, चपला, हातकाठ्या आणि जॅम-सरबतांची रेलचेल. स्ट्रॉबेरी नुकती येऊ लागली होती, महाग आणि आंबट. ती डिसेंबरनंतर खावी. अब्बा दुकानांकडे कमी आणि बोळांकडे जास्त बघत होते. कोणी ओळखीचे भेटले नाही. चाळीस वर्षे झाली, भेटणार कोण?

चहासाठी एका हॉटेलात शिरलो. दारातच एक मोठे तांब्याचे घंगाळ मांडले होते, त्यात पाणी आणि गुलाबाच्या पाकळ्या. अब्बा चहा विसरून त्याच्याकडे गेले. आतून बोट फिरवले, वास घेतला. "जुनं आहे," म्हणाले. "तीन वेळा कल्हई झालीय. आता पार उडाली." वेटर बघत राहिला. मुलीने विचारले, कल्हई नसली तर काय होते? मग अब्बांनी भर हॉटेलात तास घेतला. तांब्यात नाहीतर पितळेत आंबट शिजवले की ते कळकते, पोटाला बाधते. म्हणून भांडे तापवायचे, नवसागर मारायचा, पांढरा धूर निघाला की कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने एका दमात फिरवायचे. हात थांबला की डाग पडतो. "साहेब असो, शेठ असो, त्याचं पोट आमच्या हातात," असे म्हणून ते हसले. स्टील आणि ॲल्युमिनियम आले आणि हात रिकामे झाले, हे ते बोलले नाहीत. ते आम्हाला ठाऊक आहे, कारण आमच्या बीएडची फी भरताना घरातला भाता विकला गेला होता.

अब्बांची एकच इच्छा होती. जिथे ते पहिल्यांदा दादाजानबरोबर बसले तो बंगला बघायचा. शोधायला वेळ लागला नाही. आता तिथे रिसॉर्ट आहे. फाटकावरच्या माणसाने बुकिंग विचारले. नुसते मागचे अंगण बघायचे आहे, म्हातारा माणूस आहे, असे मुलांच्या अब्बूंनी समजावले. "परवानगी नाही," हे एकच उत्तर. वाद घालण्यात अर्थ नव्हता, त्याचीही नोकरी आहे. पण आम्हाला राग आला, तो इथे लपवत नाही. अब्बांना नाही आला. भिंतीला वळसा घालून ते मागच्या बाजूला गेले आणि काठीने दाखवू लागले. ते धुराडे मुदपाकखान्याचे. ती फणसाखालची जागा आमची. त्या ओसरीला पावसाची झड आत येऊ नये म्हणून गवताचे पडदे बांधायचे, ते सोडायच्या दिवसांत आम्ही यायचो. समोरच्या दाराने आत गेल्याचे त्यांना आठवत नव्हते. "मागूनच बरं असतं," म्हणाले, "वास येतो काय शिजतंय त्याचा."

आर्थर सीट बाजारापासून बारा-तेरा किलोमीटरवर आहे. जुने महाबळेश्वर ओलांडून रस्ता रानातून जातो. गाडीतळापासून पुढे पायऱ्या आणि चाल आहे. ज्येष्ठांनी घाई करू नये, बसायला जागा आहेत. आम्ही अब्बांना अर्ध्यावर बसवणार होतो, पण ते दोन ठिकाणी टेकून कठड्यापर्यंत आले. एका बाजूला कोकण, खाली सावित्रीचे खोरे आणि समोर पायऱ्यापायऱ्यांनी तुटलेले सह्याद्रीचे कडे. सुमारे साडेचार हजार फूट उंचीवरचा वारा. दरीतून वर येणारा हा वारा हलकी वस्तू खाली टाकली तर परत फेकतो, म्हणून पोरेटोरे बाटल्यांची झाकणे फेकत असतात. आमच्या दोघांनी वाळकी पाने टाकली. तीही परत आली.

हे नाव आर्थर मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याचे. त्याने इथे घर बांधले होते. १८५३ मध्ये त्याची बायको आणि तान्हे बाळ सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटजवळ, होडी बुडून गेले. इथे बसून तो त्या नदीकडे बघत राही असे सांगतात. गर्दीतला एक गाइड ही गोष्ट रंगवून सांगत होता आणि बायका हळहळत होत्या. आम्ही अब्बांना हळूच सांगितले की त्या होडीबरोबर तेरा नावाडीही बुडाले.

अब्बा बराच वेळ खाली बघत होते. मग म्हणाले, "त्या तेरांचीपण पोरंबाळं असतील. ती कुठे बसली असतील?"

मुलगी त्यांच्याजवळ सरकून बसली. आम्ही डबा उघडला.

परतताना लॉडविक पॉइंटला थोडा वेळ थांबलो. त्या पहिल्या साहेबाचा स्तंभ तिथे त्याच्या मुलाने उभारला आहे आणि समोर प्रतापगड दिसतो. मावळतीला बॉम्बे पॉइंटवर इतकी गर्दी होती की सूर्य माणसांच्या डोक्यांमधून पाहावा लागला. मग्रिब पुन्हा बाजारातच झाली. पाचगणी राहून गेली. टेबल लँड, चेसन साहेबाच्या वेळेपासूनची ती शाळांची वस्ती आणि मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामची तिथली शाळा, हे सगळे रमजानआधी एका रविवारी करायचे ठरले आहे.

घाट उतरताना मुले झोपली. अब्बांनी पॉइंटांची नावे लिहून मागितली. मशिदीबाहेरच्या कट्ट्यावर सांगायला हवीत ना. आम्ही मोबाइलच्या उजेडात उर्दूत लिहून दिली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून वाचली. आर्थर जमले. लॉडविकचे मात्र दोनदा 'लाडू' झाले आणि शेवटी त्यांनी तेच कायम केले.