पाटी कंपनीची, नाव दादाचं

आयटीतल्या माणसाला दर दोन-तीन वर्षांनी एक झटका येतो. 'बास झाली ही नोकरी, गावाकडे जाऊन स्वतःचं काहीतरी सुरू करू.' मग कुणी शेळीपालनाच्या मागे लागतं, कुणी चहाच्या फ्रँचायझीच्या. आमच्या घरात या वेळी झटका आला तो मात्र मला नाही, माझ्या चुलतभावाला.

दादा धाराशिवला असतो. (2023 पासून कागदोपत्रीही धाराशिवच, पण घरात अजून सगळ्यांच्या तोंडी उस्मानाबाद येतं.) स्टँडजवळ त्याचं छोटं दुकान आहे. रेल्वेची तिकिटं, पासपोर्टचे फॉर्म, पीकविम्याचे अर्ज, झेरॉक्स.. सगळं तिथं होतं. एका टूर कंपनीचा माणूस येऊन त्याला गुळगुळीत ब्रोशर देऊन गेला. पहिल्याच पानावर पांढरंशुभ्र क्रूझ जहाज. आता धाराशिवहून समुद्र बघायचा तर आधी रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागते, पण ते असो :)

प्रस्ताव असा होता: चार लाख फ्रँचायझी फी, वर 18 टक्के जीएसटी, पाच वर्षांचा करार, विकलेल्या सहलीवर सात टक्के कमिशन. पैसे जाणार होते काकांच्या ग्रॅच्युइटीतून, आणि कमी पडतील ते मी घालायचे. म्हणून मी दोन विकांत या विषयाला दिले.

आधी आकडेमोड. फी जीएसटीसह 4 लाख 72 हजार. पाच वर्षांत वाटली तर महिन्याला जवळपास 8 हजार. कंपनीला रस्त्यावरचा मोठा गाळा हवा, त्याचं भाडं, एक मुलगी कामाला, वीज, इंटरनेट मिळून 30 हजार धरले. झाले 38 हजार. माणशी 60 हजारांची सहल विकली तर सात टक्क्यांनी हातात येतात 4,200 रुपये. म्हणजे वर्षाला 109 माणसं पाठवली की दादा फक्त शून्यावर येतो. त्याने स्वतःला महिना 30 हजार पगार घ्यायचा ठरवला तर 195 माणसं. आणि हे दर वर्षी, पाच वर्षं.

दादा म्हणाला, "195 म्हणजे काय फार नाहीत रे. आपल्या जिल्ह्यात माणसं कमी आहेत का?"

माणसं कमी नाहीत, पण आमच्याकडे सहलीचा पैसा येतो कुठून हे बघायला हवं. नोकरदार सोडले तर तो येतो सोयाबीनमधून, उसातून. 2015-16 च्या दुष्काळात शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. सप्टेंबर 2025 मध्ये उलटं झालं, अतिवृष्टीने परंडा-भूमकडची पिकं पाण्याखाली गेली. अशा वर्षी थायलंडला कोण जाणार? पुण्यातला फ्रँचायझीवाला एका कंपनीत कपात झाली तर दुसऱ्या कंपनीतला ग्राहक शोधतो. धाराशिवात सगळे ग्राहक एकाच पावसावर अवलंबून. भाडं आणि करार मात्र पाऊस बघत नाहीत.

दुसरी गोष्ट, हा धंदा वरून जितका चकचकीत दिसतो तितकाच आतून नाजूक आहे. जलेश क्रूझेसचं जहाज एप्रिल 2019 मध्ये मुंबईहून मोठ्या थाटात सुरू झालं आणि 2020 मध्ये कोविडच्या तडाख्यात कंपनीच बंद झाली. 2021 मध्ये कॉर्डेलिया आली. म्हणजे मधल्या काळात मुंबईहून निघणाऱ्या क्रूझच्या जिवावर दुकान थाटलेल्या माणसाकडे विकायला जहाजच नव्हतं. तिकिटांचंही तेच. रेल्वेचं तिकीट 2002 पासून ऑनलाइन निघतं, आणि 2008 मध्ये मोठ्या विमान कंपन्यांनी एजंटांचं कमिशन शून्यावर आणायचा निर्णय घेतला. पॅकेजला कमिशन आहे कारण ते अजून माणूस समजावून विकतो.

आणि इथंच मला खरी मेख सापडली. समजावणारा माणूस कोण? दादा!

फ्रँचायझी म्हणजे नावाचे पैसे, असं आपण धरून चालतो. पण मराठी माणसाच्या सहलींच्या धंद्यात नावं कशी आहेत बघा. केसरी पाटलांनी 1984 मध्ये सुरू केली ती 'केसरी'. 2013 मध्ये वीणा पाटलांनी वेगळी वाट धरली तेव्हा 'वीणा वर्ल्ड'. एवढ्या मोठ्या कंपन्या, तरी पाटीवर माणसाचंच नाव. लोक आयुष्यभराची बचत कंपनीच्या लोगोकडे बघून देत नाहीत, कुणाच्या तरी तोंडाकडे बघून देतात.

आमच्या जिल्ह्याला तर हे शिकवायलाच नको. धाराशिवहून पंचविसेक किलोमीटरवर तुळजापूर. कर्नाटकातून, तेलंगणातून, मुंबईहून येणारी कुटुंबं तिथं उतरल्यावर आधी आपल्या पुजाऱ्याचं घर विचारतात. राहायची सोय, पूजा, नैवेद्य सगळं त्यांच्याकडे, आणि हे नातं पिढ्यान्‌पिढ्यांचं. कुठली फ्रँचायझी नाही, कमिशनचा स्लॅब नाही. नाव गेलं तर सगळंच गेलं, हे मात्र दोन्हीकडे पक्कं माहीत.

आता याच चष्म्यातून 2019 कडे बघा. कॉक्स अँड किंग्ज, 1758 पासूनचं नाव. जूनमध्ये कर्जाची परतफेड चुकली, ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. ज्यांनी सहलींचे पैसे आधीच भरले होते ते अडकले. अशा वेळी माणूस पैसे मागायला मुंबईच्या हेड ऑफिसला जात नाही, ज्याच्या हातात चेक दिला त्याच्या दारात येतो. पुण्यात तो फ्रँचायझीवाला दुकान बंद करून दुसरीकडे जाऊ शकतो. दादा कुठं जाणार? त्याची मुलं त्याच गावात शाळेत जातात.

म्हणजे कंपनी दादाला नाव विकत नाहीये, दादाचं नाव भाड्याने घेतेय. आणि भाडं दादानेच भरायचं!

हे मी त्याला फोनवर सांगितलं तेव्हा तो चिडला. त्याचा मुद्दाही खोटा नव्हता. "उद्या बँकॉकला कुणाचा पासपोर्ट हरवला तर रात्री दोन वाजता मी काय करू? कंपनीकडे माणसं आहेत, हॉटेलवाले ओळखीचे आहेत. आणि मी नाही घेतली तर दुसरा घेईल. मग मी झेरॉक्सच काढत बसू का?"

याला माझ्या एक्सेलमध्ये उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही कंपनीच्या माणसाला चार प्रश्न विचारायचं ठरवलं. ग्राहकाचे पैसे थेट कंपनीच्या खात्यात जाणार की दादाच्या खात्यातून? वेबसाइटवरून धाराशिवच्या माणसाने बुकिंग केलं तर कमिशन दादाला मिळणार का? करार संपल्यावर ग्राहकांची यादी कुणाची? आणि गेल्या तीन वर्षांत ज्यांनी फ्रँचायझी सोडली त्यांचे फोन नंबर मिळतील का?

हा चौथा प्रश्न मी अमेरिकेतून उचलला. तिथं फ्रँचायझी विकणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी सगळी माहिती लेखी द्यावी लागते, आणि त्यात वर्षभरात सोडून गेलेल्यांची यादीही असते. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. सगळा मामला 1872 च्या करार कायद्यावर आणि आपण कागद किती नीट वाचतो त्यावर.

पहिल्या तीन प्रश्नांना "ते होऊन जाईल सर" असं उत्तर आलं. चौथ्याला चालू असलेल्या दुकानांची यादी आली. सोडून गेलेल्यांची मागितल्यावर फोन कमी होत गेले.

आम्ही सही केली नाही. पण दादाचा प्रश्न खरा होता, म्हणून नुसतं 'नाही' म्हणून सोडलंही नाही. फ्रँचायझी न देता साध्या एजंटाकडून सीट घेणाऱ्या टूर कंपन्या असतात. कमिशन कमी, पण फी नाही, गाळा नाही. रात्री दोनचा फोन त्यांचा. दादा आहे त्याच दुकानात एक टेबल टाकणार, चेक थेट कंपनीच्याच नावाने घेणार, आणि वर्षभरात 40 माणसं पाठवून बघणार. 40 झाली तर फ्रँचायझीचा विषय पुन्हा काढू, तेव्हा भाव करायला आपल्या हातात आकडा असेल. नाही झाली तर काकांची ग्रॅच्युइटी बँकेत शाबूत.

यात धोका आहेच. उद्या मेन रोडवर दुसऱ्या कुणाची तीच पाटी लागू शकते, आणि मग दादा मला वर्षभर ऐकवेल. ते ऐकून घ्यायची माझी तयारी आहे.

पहिली सहल त्याने क्रूझची नाही, काशी-अयोध्येची ठरवलीय. सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर, दिवाळीनंतर. काकू आणि त्यांच्या भजनी मंडळातल्या सहा जणींनी नावं दिलीत. दादा म्हणतो, सात झाल्या, तेहेतीस राहिल्या.