रोडपालीच्या घराचा चुना

१/
मंडळी, या धाग्यात आजवर शिलालेख, ताम्रपट आणि बखरी यांविषयी लिहिले. आज अशा साधनांविषयी लिहिते ज्यांवर एकही अक्षर नसते : दगड, खापर आणि चुना. आरंभ मात्र स्वतःच्या घरापासून करते, कारण या विषयातली माझी सर्वांत मोठी चूक तिथेच घडली.

२/
आमचे मूळ घर पनवेलजवळच्या रोडपालीचे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि पुढे गावाला लागून कळंबोलीची वसाहत उभी राहिली. भातखाचरे गेली, गावठाणातली जुनी घरे उरली. आता त्यांच्याही जागी इमारती चढत आहेत. गेल्या उन्हाळ्यात आमचे घर पाडले. त्या आठवड्यात मी दूर एका उत्खननस्थळी खापरे धूत बसले होते. परतले तेव्हा काळ्या दगडाचे जोते तेवढे शिल्लक होते. ढिगाऱ्यातून चुन्याचा एक मूठभर तुकडा उचलला आणि विभागात घेऊन गेले.

३/
मॅडमनी तो हातात फिरवला. फुटलेल्या कडेत चमकणारा शिंपल्याचा कण दाखवला आणि विचारले, "कोणत्या भिंतीचा? जोत्यापासून किती उंचीवरचा? सांध्यातला की गिलाव्याचा?"
मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही.

४/
हे प्रश्न का महत्त्वाचे? कोकण किनाऱ्यावर चुना शिंपले भाजूनही करीत. शिंपला म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तो भाजला की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून, वाळू मिसळून भिंतीत घातला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत पुन्हा दगडासारखा घट्ट होतो. म्हणजे भिंत उभी राहिली त्या काळची हवा तिच्या चुन्यात बांधली जाते. म्हणूनच कार्बन-१४ पद्धतीने चुन्याचे वय काढता येते. मात्र नीट न भाजलेला शिंपला आत राहिला, तर त्याचा जुना कार्बन मिसळतो आणि भिंत आहे त्याहून प्राचीन ठरते. मला जो कण सुंदर वाटला, तो खरे तर सावधगिरीचा इशारा होता.

५/
खापराची परीक्षाही अशीच धीराची. त्याची चकती कापून, काचेवर चिकटवून ती ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासतात. मग तिच्यातून प्रकाश आरपार जातो आणि ध्रुवीय सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक खनिज आपापल्या रंगाने ओळख देते. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्याचे कण इथल्या मातीत सापडतात. इटलीतील कांपानिया प्रांतातल्या मद्यकुंभांत व्हेसुव्हियसच्या परिसरातील काळी वाळू असते. दोन्ही ज्वालामुखीचीच देणगी, पण खनिजांचा मेळ निराळा. त्यावरून कुंभाराची माती कुठली, हे सांगता येते.

६/
पनवेलची खाडी ज्या बंदरात उघडते, त्याच बंदरात घारापुरी आहे. पश्चिम भारतातील प्राचीन बंदरांवर सापडलेली जाड, परदेशी कुंभांची खापरे दीर्घकाळ सरसकट रोमन मानली गेली. २००७ मध्ये रोबर्टा टॉम्बर यांनी 'अँटिक्विटी' या नियतकालिकात दाखवून दिले की त्यांतली बरीच मेसोपोटेमियाकडच्या 'टॉर्पेडो' कुंभांची आहेत. या कुंभांना कान नसतात आणि आतून डांबराचा लेप असतो. घारापुरीलाही असे कुंभ मिळाले आहेत. एका लेपामुळे आपल्या किनाऱ्याच्या व्यापाराचे चित्र बदलले : रोमच्या जोडीने इराणी आखातही नकाशावर ठळक झाले.

७/
गिलावाही बोलतो. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश असल्याचे राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मधून मांडले. एक पुरातत्त्व-रसायनज्ञ, दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञ. नुसत्या इतिहासाच्या अभ्यासकाला ते तंतू ओळखता आले नसते.

८/
या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. कुंभांना चुकीचे नाव मिळाले होते, तरी ती खापरे कुठे मिळाली याची नोंद टिकली होती. म्हणून चूक दुरुस्त झाली. गिलावा कोणत्या लेण्यातला, हे ठाऊक होते. म्हणून निष्कर्षाला अर्थ आला. नाव चुकले तर पुढची पिढी सुधारते. जागा हरवली तर कोणतेही यंत्र ती परत आणून देत नाही.

९/
शेवटी तो तुकडा घेऊन आजीकडे गेले. तिने अंगठ्याने तो खरवडला आणि जमिनीवर बोटाने घराचा आराखडा काढला. माजघर पणजोबांच्या वेळचे, पडवी पुष्कळ नंतरची आणि सिमेंटची. देवघराचा चुना बारीक चाळून घेतला होता, त्यात शिंपा राहू दिल्या नव्हत्या. तेव्हा हा तुकडा माजघराचा असावा, असे तिचे मत. ती आठवण आहे, पुरावा नव्हे. पण त्या घराचा दुसरा आराखडा आता अस्तित्वात नाही. पिशवीवरच्या चिठ्ठीत मी लिहिले : "ढिगाऱ्यातून. मूळ जागा अनिश्चित. आजीच्या सांगण्यानुसार माजघर."

१०/
तुमच्या गावातले एखादे जुने घर पाडले जाणार असेल, तर मालकांच्या परवानगीने आधी जा. प्रत्येक भिंतीचे छायाचित्र घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवा. नमुना घेतलाच तर दर जागेचा वेगळ्या पिशवीत ठेवा. भिंत, उंची आणि तारीख त्याच क्षणी लिहा. कौलांच्या पाठीवरचे छाप पाहा : बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तेव्हापासून अशा छापांवरून कौल कुठून आले ते कळते. घरातल्या वडीलधाऱ्यांना आराखडा काढायला सांगा. संरक्षित स्मारकातून मात्र खडाही उचलू नका. १९५८ चा कायदा त्यासाठीच आहे.

माझ्याकडून हे राहून गेले. रोडपालीत अजून काही जुनी घरे उभी आहेत. येत्या रविवारी मोजपट्टी घेऊन तिथे जाणार आहे. आजीही सोबत येते म्हणाली.