गालावरचे गज

रामबाग, इंदूर
ऑगस्टअखेर

प्रिय सुमे,

लेकीचं लग्न डिसेंबरात, आणि त्याआधी इंदुरात स्वस्तात लेझर करून तिच्या हनुवटीचे केस काढायचे म्हणतेस. थांब, आधी आमच्या पुतणीचं ऐक.

रंगपंचमीला राजवाड्यावर गेर बघत पोरगी दिवसभर उन्हात उभी. चौथ्या दिवशी एका पार्लरात जाऊन बसली. पार्लरवाली म्हणाली लेझर. होतं ते आयपीएल, म्हणजे फ्लॅशसारखा प्रकाशाचा झोत. घरी आली ती गालांवर चौकोनी तपकिरी पट्टे घेऊन, थेट मशीनच्या काचेच्या मापाचे. खिडकीला गज असावेत तसे! वहिनी दोन दिवस साय-हळद चोपडत बसल्या. शेवटी मीच तिला एमवाय हॉस्पिटलच्या त्वचारोग ओपीडीत नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, ‘गोरं व्हायची क्रीम लावतेस?’ लावत होती, मेडिकलवाल्याने दिलेली, स्टेरॉइडची. कातडी त्यानेच आधी नाजूक झालेली. मग म्हणाल्या, हा प्रकाश केसातलं मेलॅनिन हुडकतो, ते तापतं आणि मूळ भाजतं. पण तेच मेलॅनिन आपल्या सावळ्या कातडीतही, आणि रापल्यावर तर जास्तच. मशीनला काय कळणार केस कुठला न् गाल कुठला! आपल्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर त्यातल्या त्यात बरं. ते खोल जातं, वरच्या रंगाच्या वाटेला कमी जातं. (आकडा मी चिठ्ठीवर उतरवून घेतला, नाहीतर मला कुठला आठवायला.)

तुझ्या लेकीची पाळी अनियमित आहे ना? मग आधी ते बघा. पीसीओएस असेल तर केस पुन्हा येत राहतात. आणि गंमत म्हणजे आपल्याकडच्या काही मुलींना जबड्याखाली, मानेवर लेझरनेच केस वाढतात. ‘कायमचे जातात’ हे पाटीवरचं. खरं तर कमी होतात, तेही महिना-सव्वा महिन्याच्या अंतराने सहा-आठ बैठकांनी. डिसेंबरपर्यंत कुठल्या बसतात?

पुतणीचे पट्टे आत्ता कुठे पुसट झालेत, पाच महिन्यांनी.

तेव्हा लग्नाआधी नकोच. नंतर करायचंच तर त्वचेच्या डॉक्टरकडे, आधी जबड्याखाली एवढ्याशा जागेवर करून बघून, डोळ्यांवर झाकणं लावून. भुवयांजवळ मुळीच नाही. आणि त्याआधी महिनाभर थ्रेडिंग बंद ठेव म्हणावं. केस मुळासकट उपटला तर प्रकाश तापवणार कशाला? रेझर चालतो.

तुझी,
कुंदा