कार्यभार सोपविताना

बदलीचा आदेश येतो, कार्यभाराच्या प्रमाणपत्रावर दोन सह्या होतात आणि हस्तांतरण पूर्ण झाले असे आपण मानतो. वस्तुतः त्या कागदाने खुर्ची हस्तांतरित होते. कामाचा संदर्भ होतोच असे नाही. एखादा प्रस्ताव पूर्वी का नाकारला गेला, कोणती पद्धत वापरून पाहिली आणि का सोडली, हे जाणाऱ्या अधिकाऱ्याबरोबरच निघून जाते. ही हानी मी अनेकदा सोसली आहे आणि, खरे सांगायचे तर, इतरांनाही सोसायला लावली आहे. अलीकडे हाच धडा मला एका यंत्राने पुन्हा दिला.

वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाच्या यादीची छाननी करणारी एक लहानशी आज्ञावली मी तयार करीत होतो. ती लिहिण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक एजंट करीत असे. लाभार्थ्यांची खरी नावे त्याला कधीच दिली नाहीत. त्याच्यापुढे काल्पनिक यादी असे. एकच बँक खाते दोन नावांपुढे आढळले, की ती नावे चौकशीच्या यादीत जावीत, असा नियम होता. मात्र वृद्ध पती-पत्नीचे संयुक्त खाते असेल तर त्यांना वगळावे, असे मी पहिल्याच बैठकीत सांगितले होते आणि एजंटाने तसा अपवाद लिहिलाही होता.

आठवड्याने मी नवी बैठक उघडली आणि आज्ञावली सुटसुटीत करण्यास सांगितले. एजंटाला तो अपवाद दिसला. त्यामागचे कारण कोठेच लिहिलेले नव्हते. अनावश्यक समजून त्याने तो काढून टाकला. त्याने आपल्या अहवालात तसे नमूद केले होते, पण मी तो वरवर वाचून संमती दिली. कार्यालयात खऱ्या यादीवर आज्ञावली चालविली, तेव्हा आमच्या ज्येष्ठ लिपिकांनी विचारले, “सर, या जोडप्यांची चौकशी तर गेल्या वर्षीच संपली होती ना?” त्यांची स्मरणशक्ती आड आली नसती, तर अनेक वृद्धांचे वेतन चौकशी संपेपर्यंत अडकले असते.

दोष यंत्राचा नव्हता. असा एजंट एका बैठकीत मर्यादित मजकूरच नजरेसमोर ठेवू शकतो. संभाषण फार लांबले तर जुन्या भागाचा गोषवारा केला जातो आणि त्यात बारकावे गळतात. नव्या बैठकीत तो, मुद्दाम सोय केलेली नसेल तर, कोऱ्या पाटीने येतो. म्हणजे दररोज सकाळी बदलून आलेला नवा अधिकारीच तो! हुशार, तत्पर, पण जुन्या नस्त्या न वाचलेला.

उपायही नस्तीचाच निघाला. आज्ञावलीच्या सर्व फायली ज्या भांडारात असतात, त्याला रिपॉझिटरी म्हणतात. तेथेच साध्या मजकुराची एक फाईल ठेवता येते. ‘एजंट्स डॉट एमडी’ किंवा ‘क्लॉड डॉट एमडी’ अशा ठरावीक नावाची फाईल अनेक एजंट कामाच्या आरंभी आपोआप वाचतात. मी तिच्यात चार मथळे केले: काम कोठवर आले, कोणते निर्णय झाले व का, काय करून पाहिले आणि सोडले, पुढे काय करावयाचे. बैठक संपताना एजंट मसुदा लिहितो. मी तो वाचून दुरुस्त करतो. फाईल दीड पानाच्या वर जाऊ देत नाही, कारण जाडजूड नस्ती जशी कोणी वाचत नाही, तसेच येथेही होते. कालबाह्य नोंदी मी लगेच काढतो; जुनी झालेली सूचना नसलेल्या सूचनेपेक्षा अधिक घातक असते.

शिवाय सूचना लिहिली म्हणजे पाळली जाईलच, असे शासनात नसते आणि येथेही नाही. म्हणून संयुक्त खात्याची एक स्वयंचलित चाचणी जोडली. अपवाद पुन्हा कोणी काढला, तर ती चाचणी फसते आणि चूक लगेच दिसते.

२००५ साली आपल्याकडे माहितीचा अधिकार कायदा झाला. त्याच वर्षी लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ ही प्रणाली तयार केली. संगणकीय संहितेतील प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला, हे गिट जतन करते. का केला, हे मात्र माणसाने लिहावे लागते. आपल्या कायद्याच्या कलम ४ नेही प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देणे बंधनकारक केले आहे. निर्णय नोंदविण्यात आपण सहसा चुकत नाही. कारण नोंदविण्याचा मात्र कंटाळा करतो.

आता पुढील बदलीच्या वेळी प्रमाणपत्राबरोबर दीड पानाची तशीच टिपणी मागे ठेवण्याचे मी ठरविले आहे. तिच्यात पहिली नोंद संयुक्त खात्यांची असेल. आमचे ज्येष्ठ लिपिक आता लवकरच निवृत्त होत आहेत.