रोडगे, वांगी आणि आईची पंगत

परवा भाजी निवडता निवडता सुनेने विचारले, "अत्तम्मा, तुम्हाला खायला सगळ्यांत जास्त काय आवडते?" मी क्षणाचाही विचार न करता म्हटले, "रोडगे." ती हसली आणि म्हणाली, "मी या घरात येऊन सात वर्षे झाली. तुम्ही एकदाही केले नाहीत!"

तिचे म्हणणे खरे होते. रोडगे मी घरी कधी केलेच नाहीत. ते घरात करायचे नसतातच मुळी.

नदीपलीकडच्या, म्हणजे पांढरकवडा-यवतमाळकडच्या वाचकांना रोडगा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. पण आमच्या आदिलाबाद गावात आता निजामाबाद, करीमनगर, वरंगळहून आलेली कितीतरी कुटुंबे आहेत, आणि मराठी घरांतल्या नव्या मुलांनाही रोडगा फक्त ऐकून माहीत असतो. म्हणून सांगते. गव्हाची कणीक जरा जाडसर दळून आणायची. मीठ, ओवा आणि तेलाचे चांगले मोहन घालून घट्ट मळायची. लहान लहान पोळ्या लाटून, प्रत्येकीला तेल लावून एकावर एक ठेवायच्या आणि सगळ्या मिळून एका मोठ्या पोळीत गुंडाळून मुठीएवढा, खरे तर मुठीपेक्षा मोठाच, गोळा वळायचा. तिकडे शेणाच्या गोवऱ्या रचून पेटवायच्या. जाळ बसला, धूर संपला आणि नुसते लाल निखारे उरले की त्यावर गोळे मांडायचे. सगळ्या बाजूंनी कातडी धरली की गरम राखेत पुरून टाकायचे आणि तासभर तरी विसरून जायचे. या विसरण्यालाच खरे कसब लागते. घाई करून उकरले तर आत कच्चे, फार वेळ राहिले तर वरची साल दगड. बाहेर काढल्यावर गोणपाटात घालून हलवायचे, म्हणजे राख झडते. मग ताटात घेऊन बुक्कीने फोडायचा आणि आतल्या पापुद्र्यांवर तूप सोडायचे. सोबत वांग्याची झणझणीत भाजी आणि तुरीचे वरण. गोड हवे त्याने गूळ-तूप घालून कुस्करावा.

आमचे शेत जैनदच्या बाजूला, पैनगंगेपासून फार लांब नाही. शेतात कडुनिंबाखाली शेंदूर लावलेला मारुती आहे. कापसाची वेचणी आटोपली की पौष-माघात एक शनिवार धरून त्याला रोडगे व्हायचे. बैलगाडीत गोवऱ्यांच्या पाट्या, कणकेचा डबा, तेलाची बरणी, भाजीचा मोठा गंज आणि आम्ही पोरे. आमच्या घरची रीत अशी की त्या दिवशी चुलीला बाईने हात लावायचा नाही. नवस देवाचा, तो गड्यांनी रांधायचा. हा नियम कुणी आणि का केला ते आजीलाही सांगता येत नव्हते. पण तो पाळण्यात तिचा उत्साह दांडगा होता. सकाळी शेतात पोचली की ती निंबाखाली पाय पसरून बसायची आणि बाबांना, काकांना तिथूनच हुकूम सोडायची.

तीन दगडांची चूल, त्याखाली पऱ्हाट्या. पऱ्हाट्या भुर्रकन जळतात, म्हणून एक माणूस सारखा चुलीपाशी लागतो. ते काम काकांचे. वांगी चिरायचे काम बाबांचे, आणि त्यांची फोड कधी एकसारखी आली नाही. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाण्याचे कूट, वरून मूठभर सांबार. (हा सांबार म्हणजे कोथिंबीर हो! लग्न होऊन मी आदिलाबादेत आले तेव्हा बाजारात एका तेलुगू भाजीवाल्याकडे सांबार मागितला होता. त्याने मला मोठ्या अदबीने समोरच्या हॉटेलाकडे बोट दाखवले.) ती भाजी चवीला कशी व्हायची? कधी मीठ जास्त, कधी तळाला लागलेली. पण शेतातल्या वाऱ्यावर, पळसाच्या पत्रावळीवर तिची बरोबरी कुठल्या भाजीने करावी!

इतकी वर्षे मला वाटायचे की मला आवडतो तो हा धूर, ही राख, हे तूप. सुनेच्या प्रश्नानंतर दोन दिवस डोक्यात घोळत राहिले, तेव्हा लक्षात आले की मला त्या जेवणातले वेगळेच काही आवडत होते.

घरी आमची पंगत ठरलेली असायची. आधी बाबा, काका, आजोबा आणि कोणी पाहुणा असला तर तो. मग आम्ही मुले. मग आजी. मग काकू आणि आई. आई ज्वारीच्या भाकरी थापत चुलीपुढे बसलेली असायची. एकेकाच्या ताटात गरम भाकरी पडायची. तिच्या हातची अंबाडीची भाजी म्हणजे काय सांगू! पाने उकडून, आंबट पाणी पिळून टाकायचे, त्यात ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ शिजवून घोटायची आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी, ताटातही वेगळे कच्चे तेल. आम्ही बोटे चाटत उठायचो. हात धुवून कुणी शाळेत, कुणी अंगणात. आई जेवायला बसायची तेव्हा स्वयंपाकघरात कोणीच नसायचे. यात कुणाला काही वावगे वाटत नव्हते. तिलाही वाटत नसावे. निदान तिने तसे कधी म्हटले नाही.

रोडग्याच्या दिवशी मात्र सगळे उलटे. रांधणारे गडी, म्हणून वाढणारेही गडीच. पहिल्या पंगतीला बायका आणि मुले. मी त्या वर्षी पाचवीत होते, म्हणजे १९७५ च्या आसपासची गोष्ट. आईच्या शेजारी माझी पत्रावळ. बाबांनी तिच्या पत्रावळीवर रोडगा फोडला, तूप घातले आणि वांग्याची भाजी वाढायला पळी पुढे केली. आईने पत्रावळीवर हात आडवा धरला.

"काहून?" बाबा म्हणाले.

"मी वांगे नाही खात."

बाबा पळी तशीच धरून उभे राहिले. लग्नाला चौदा-पंधरा वर्षे झाली होती. आमच्या घरी आठवड्यातून दोनदा तरी वांगी व्हायची. भरली वांगी, भरीत, वांग्याची रस्साभाजी, आणि ती सगळी आईच करायची. बाबांनी विचारले, "कधीपासून?" आई म्हणाली, "लहानपणापासून. अंगाले खाज सुटते." आजी निंबाखालून म्हणाली, "मंग आजवर काय खात होतीस वो?" आई काही बोलली नाही. तिने गूळ मागून घेतला, रोडगा कुस्करला आणि शांतपणे जेवू लागली. एक संपल्यावर तिने आणखी अर्धा मागितला. आई जेवताना काही मागते आहे, हे मी पहिल्यांदा पाहिले. खरे तर आई जेवते आहे हेच मी पहिल्यांदा नीट पाहिले.

दुसऱ्या वर्षी बाबांनी शेतात मोठ्या गंजाशेजारी एक लहान गंज ठेवला. त्यात आलूची भाजी. कुणाला काही बोलले नाहीत. आईला वाढताना फक्त म्हणाले, "हे तुह्यासाठी."

इथे थांबले असते तर ही फार गोड गोष्ट झाली असती. पण खरे सांगायचे तर घरी काहीच बदलले नाही. वांगी आठवड्यातून दोनदाच होत राहिली, आई शेवटीच जेवत राहिली. बाबा वाईट नव्हते. त्यांना शेतात जे दिसले ते घरात दिसायची सोयच नव्हती, कारण ते जेवून उठलेले असायचे. आणि मी? मी तर सगळे पाहिले होते. तरी माझ्या संसारात मीही वर्षानुवर्षे तेच केले. नव्वदच्या दशकात आम्ही टेबल-खुर्च्या घेतल्या. चार खुर्च्या होत्या आणि घरात माणसे चार होती. माझ्या खुर्चीवर बहुतेक वेळा वर्तमानपत्रांचा गठ्ठा असे.

मग आली ही सून. माहेर निर्मलकडचे, घरची भाषा तेलुगू. निर्मल तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होते. २०१६ साली आदिलाबादचे चार जिल्हे झाले तेव्हा ते वेगळे झाले. आम्हा सीमेवरच्या माणसांना या फाळण्यांचे फार नवल राहिलेले नाही. १९५६ साली किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. माझ्या एका मावशीचे घर महाराष्ट्रात गेले, पण तिच्या हातची अंबाडी काही बदलली नाही. तर सांगायचे ते हे की सून येणार म्हणून मी फार हौसेने तयारी केली. अंबाडीला तेलंगणात पुंटीकूरा म्हणतात, तिकडे आंध्रात गोंगुरा. मला वाटले, चला, भाषा वेगळी असली तरी भाजी तर एकच! पहिल्या दिवशी अंबाडी. दुसऱ्या दिवशी पुन्हा, उरलेली. तिसऱ्या दिवशी मी म्हटले, "तुझ्यासाठी मुद्दाम ताजी केली आहे." तेव्हा ती म्हणाली, "अत्तम्मा, मला पुंटीकूरा आवडत नाही. आंबट मला चालत नाही."

मला राग आला. तिसऱ्या दिवशी! सासूने मुद्दाम केलेली भाजी! माझ्या चेहऱ्यावर तो दिसलाही असणार, कारण मुलगा विषय बदलून पावसावर बोलू लागला. रात्री मी पडल्या पडल्या धुसफुसत होते, आणि मध्येच आईचा तो पत्रावळीवर आडवा धरलेला हात आठवला. आईला ते सांगायला पंधरा वर्षे आणि एक शेत लागले. हिला तीन दिवस पुरले. मला राग नेमका कशाचा आला होता, हे मी अजूनही पुरते सांगू शकत नाही. हिने बोलून दाखवले याचा, की आम्ही कधी बोललो नाही याचा?

हिच्यामुळेच घरात एक बदल झाला. ती आपले ताट घेऊन आमच्याबरोबर सरळ बसते आणि मला हाताला धरून बसवते. भाकरी आधीच करून सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवतो. पहिले दोन-तीन महिने आमच्या घरातून तक्रार होती, की भाकरीला वाफ नाही. तक्रार रास्त आहे. तव्यावरून उतरलेल्या भाकरीची सर डब्यातल्या भाकरीला येत नाही, ती यावी असा माझा हट्टही नाही. ज्याला वाफच हवी त्याने उठून तवा ठेवावा. एक-दोनदा ठेवलाही! तिचे आवडते म्हणजे सर्वपिंडी. तांदळाच्या पिठात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, तीळ, तिखट घालून ते पीठ भांड्याच्या तळाला हाताने थापायचे, बोटाने भोके पाडून त्यांत तेल सोडायचे आणि मंद आचेवर खरपूस होऊ द्यायचे. आमच्या थालीपिठाची सख्खी बहीणच. ती सर्वपिंडी करते, मी सोबत लोणी काढते.

कार्तिकात तिच्या माहेरचे लोक वनभोजनाला जातात, आवळीच्या झाडाखाली. आपल्याकडचे आवळीभोजन ते हेच. एकदा आम्हालाही बोलावले होते, कुंटाला धबधब्याच्या अलीकडे. तिथेही पुरुष रांधत होते. गॅसची शेगडी, मोठे पातेले आणि आमच्यासारख्यांसाठी बगारा भात. त्याला खडा मसाला, पुदिना आणि हिरवी मिरची, हळद नाही. भात सुरेख होता. पण मी काय बघत होते विचाराल तर सुनेची आई. ती पातेल्यामागे उभी राहून भात कमी तर पडणार नाही ना, हे डोळ्यांनी मोजत होती. तिला बसवायला सुनेलाच उठावे लागले.

आई २०११ साली गेली, बाबा तिच्या आधी दोन वर्षे. शेत आता भाऊ बघतो. रोडगे चुकवत नाही. बैलगाडीऐवजी ट्रॅक्टर, आणि गोवऱ्या मिळवणे हेच मोठे काम, कारण गावात गुरे किती उरली! या माघात सुनेला आणि नातीला घेऊन गेले. नात सहा वर्षांची. मोठ्या गंजात वांगी रटरटत होती आणि बाजूला, दोन विटांवर, लहान गंज. त्यात आलू.

सुनेने भाच्याला विचारले, "दोन भाज्या कशाला?"

भाचा इंजिनिअर आहे, हैदराबादेत असतो. तो म्हणाला, "ते नवसातच आहे. मारुतीला वांगे, आणि आलूचा वेगळा नैवेद्य. आमच्याकडे असेच असते."

मी भावाकडे पाहिले. तो राखेतून रोडगे उकरत होता. मान वर न करता म्हणाला, "ते आईचे आहे. मारुतीचे नाही." मग गोणपाट झटकून त्याने पहिला रोडगा फोडला आणि पत्रावळ माझ्यापुढे सरकवली. भाजी कोणती वाढू, असे त्याने विचारले. मी दोन्ही घेतल्या. आलूत मीठ जरा जास्त पडले होते.