दीड तिकीट आणि एक टोपली

आधी एक हिशेब सोडवा बघू. घरात माणसं पाच. पुण्याहून वाईला एसटीने जायचंय. तिकिटं किती लागतील?

पाच म्हणालात तर चुकलात! आजीचं वय शहात्तर. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना आपल्या राज्यात एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे. आई आणि नववीतली ताई, या दोघींना २०२३ पासून अर्धं भाडं. धाकटा दहा वर्षांचा, म्हणजे बाराच्या आतला, त्याचंही अर्धं. राहता राहिलो मी, म्हणजे बाबा. माझं तेवढं पूर्ण. झाली की नाही अडीच तिकिटं? हा हिशेब ताईने मांडला. सहलीच्या खर्चाची वही तिच्याकडे असते, आणि त्या वहीपुढे माझंही काही चालत नाही.

पण एवढ्यावर आमचं कोडं सुटत नव्हतं. कारण घरात सहावंही कुणीतरी होतं. बुंदी!

बुंदी म्हणजे दसऱ्याच्या सुमारास आमच्या जिन्याखाली कुडकुडत बसलेलं गावठी पिल्लू. रंग अगदी तळणीतून काढलेल्या बुंदीसारखा. पहिले आठ दिवस आजीचं एकच पालुपद होतं, "कुत्रं दाराबाहेर बरं." नवव्या दिवशी पाहतो तर आजीच्या गोधडीवर बुंदी गाढ झोपलेली आणि आजी तिच्यासाठी जुन्या स्वेटरची बाही कापत बसलेली. बाहीच्या टोकाला पायांसाठी दोन भोकं पाडली की थंडीतला कोट तयार. करून पाहा, छान होतो.

तेव्हापासून आमचं घड्याळच बदललं. पहाटे साडेपाचला पहिली फेरी. कुकरची शिट्टी झाली की बुंदीचं भुंकणं. चपला कपाटावर, शाळेचे मोजे दोरीवर, वर्तमानपत्र वाचून झालं की जमिनीवर! का, ते तुम्हाला सांगायला नको.

आता नाताळच्या सुट्टीत गोव्याला जायचं दोन वर्षं घाटत होतं. मुलांनी त्यासाठी खाऊचे पैसेही साठवले होते. पण रेल्वेचे नियम बघा. शयनयान डब्यात कुत्रं नेता येत नाही. न्यायचं तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आपल्या नावे घ्यायचा, नाहीतर पार्सल ऑफिसात नोंद करून पिल्लाला गार्डच्या डब्यातल्या पेटीत एकटं ठेवायचं. कूपेचं भाडं ऐकून ताईने वही मिटली. पेटीचं ऐकून धाकट्याचे डोळे भरून आले. कुत्र्यांच्या पाळणाघरात ठेवायचं म्हटलं, तर चार दिवसांचे पैसे आम्हा सगळ्यांच्या एसटी भाड्यापेक्षा जास्त!

"ती येणार नसेल तर मीपण नाही जाणार," धाकट्याने जाहीर केलं.

"आणि माझा समुद्र?" ताईचा आवाज चढला. तिचंही खरंच होतं. दोन वर्षं वाट पाहिली होती पोरीने. त्या रात्री जेवताना कुणी कुणाशी बोललं नाही.

कोंडी फोडली ती आजीने. "वाईला चला," ती म्हणाली, "माझ्या भाच्याकडे उतरू. आणि मला एकदा माझा घाट बघायचाय. पुढच्या वर्षी गुडघे काय म्हणतील कोण जाणे."

वाई आजीचं माहेर. भाच्याची जीप सामान न्यायला पुण्यात आलीच होती, आणि परत जाताना चालकाशेजारी एक जागा रिकामी होती. तिथे मी बसायचं, मांडीवर टोपली, टोपलीत बुंदी. म्हणजे एसटीत चौघंच. आता तिकिटं किती? दीड!

निघण्याआधी जनावरांच्या डॉक्टरांना विचारून घेतलं. पिल्लाच्या लसी पूर्ण झाल्याशिवाय त्याला अनोळखी गावात, इतर कुत्र्यांच्या वाटेत नेऊ नये. पार्वोसारखा रोग लहान पिल्लाचा जीव घेतो, आणि रेबीजची लस तर टाळायचीच नाही. बुंदीचे डोस संपून दोन आठवडे झाले, तेव्हाच आम्ही निघालो. प्रवासाआधी तीन-चार तास खाणं बंद, पाणी मात्र घोट घोट. तरीही खंबाटकीच्या वळणांवर बुंदीने माझ्या पँटवर व्हायचं तेच केलं. जुनी पँट घालायला आईने सांगितलं होतं म्हणून बरं!

सुरूर फाट्यावर हमरस्ता सोडला की वाईची हवा लागते. रस्त्याकडेला ऊस, मध्येच हळदीची रुंद पानं, समोर डोंगर. आणि थंडी? सकाळी बोलताना तोंडातून वाफा निघतात.

वाई कृष्णेच्या काठी आहे आणि गाव घाटांचं आहे. सगळ्यांत प्रसिद्ध ढोल्या गणपतीचं देऊळ. रास्ते यांनी ते १७६२ साली बांधलं. देवळात कुत्रं न्यायचं नाही, म्हणून आम्ही पाळी लावली. बाकीचे आत, एकजण बुंदीबरोबर बाहेर. माझी पाळी आली तेव्हा मी नदीच्या अंगाला बसलो आणि देवळाची मागची भिंत नीट बघितली. ही भिंत सपाट नाही, बरं का. माशासारखी निमुळती होत गेली आहे! पूर्वी कृष्णेला पूर आला की लोंढा देवळावर आदळायचा. सपाट भिंतीवर पाण्याचा सगळा मार बसला असता. निमुळत्या टोकाशी पाणी दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. होडीच्या नाळेने पाणी कापावं तसंच. मुलांना हाक मारली, तर धाकट्याने पालथी पडलेली बाटली नळाखाली धरून लगेच प्रयोगही करून पाहिला.

दुसऱ्या दिवशी चालत मेणवलीला गेलो. अंतर तीनेक किलोमीटर, बुंदी अर्धं चालली, अर्धं टोपलीत. नाना फडणविसांचा वाडा इथे आहे आणि वाड्यामागे कृष्णेवरचा देखणा घाट. २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटात तो तुम्ही पाहिलाही असेल. पण आम्ही गेलो होतो ते घंटेसाठी. मेणेश्वराच्या देवळाजवळ छोट्या मंडपात एक भलीमोठी घंटा टांगली आहे. ती पोर्तुगीजांची! चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसईचा किल्ला जिंकला, तेव्हा तिथल्या घंटा मराठे घेऊन आले, त्यांतलीच ही. निरखून पाहिलंत तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते. बाहेर नाताळचे दिवस, शेजारी महादेव आणि मध्ये ही घंटा. धाकटा म्हणाला, "बाबा, हिला आपल्या घरची आठवण येत असेल?" मला काही उत्तर सुचलं नाही.

परतताना तीन मोठे कुत्रे गुरगुरत समोर आले. अशा वेळी पळायचं नाही, दगड उचलायचा नाही. आजी काठी जमिनीला टेकून आमच्यापुढे शांत उभी राहिली. बुंदी टोपलीत पार तळाशी. कुत्र्यांनी दोन मिनिटं वास घेतला आणि कंटाळून निघून गेले. माझी छाती बराच वेळ धडधडत होती, हे मात्र कुणाला सांगू नका!

धोमला कमळाच्या आकाराच्या कुंडात दगडी कासवाच्या पाठीवर नंदी बसलाय, तो जरूर बघा. पाचगणी आम्ही गाळली, सुट्टीत तिथे फार गर्दी. स्ट्रॉबेरी वाईतच मिळाली. वीस खंडांचा मराठी विश्वकोश जिथे तयार झाला ती कचेरीही वाईचीच. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि आता तो संगणकावर फुकट वाचता येतो. भाच्याच्या घरी नाताळचा केकही होता, पण बुंदीला कणभरही दिला नाही. बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्यांना विषासारखे बाधतात. तिला दूध-भाकरीच.

शेवटच्या संध्याकाळी आजीला तिच्या घाटावर नेलं. एकेक पायरी उतरायला तिला बराच वेळ लागला. "इथे मी पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकले," ती म्हणाली आणि पाण्यात पाय सोडून बसली. बुंदीने पाण्याला पंजा लावला, दचकून मागे उडी मारली, पुन्हा लावला. ताई आजीला चिकटून बसली होती. समुद्राचं नाव तिने काढलं नाही, पण "पाणी गोड आहे ना गं?" असं दोनदा विचारलं.

वहीत शेवटी पैसे उरले. जानेवारीपासून तिकडे हळदीची काढणी सुरू होते. ओली हळद मोठमोठ्या कायलीत शिजवतात, मग उन्हात पसरतात. म्हणून पुढच्या पानावर ताईने लिहून ठेवलंय, "फेब्रुवारी, हळद. तिकिटं दीड की अडीच?" जीप तेव्हा पुण्यात येणार आहे का, ते अजून कळायचंय.